महाळुंग्याचा कार्बन-हिशेब

पायाभूत सुविधांमधून बाहेर पडणारे हरितगृह वायू बहुतेक वेळा हिशेबाने काढले जातात. त्यांवर मीटर बसवलेला नसतो. मोठ्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यात सतत मोजणी करणारी उपकरणे लावता येतात. रस्त्यावरचा ट्रक, चाळीमागची सेप्टिक टँक, रोहित्राशेजारचे स्विचगियर किंवा नदीकाठचा पंप यांच्यापाशी असे उपकरण ठेवणे परवडत नाही, आणि पुष्कळदा शक्यही नसते. म्हणून जगभर एक साधी रीत रुळली आहे. किती इंधन जळले, किती वीज वापरली, किती कचरा टाकला याचा आकडा घ्यायचा आणि त्याला त्या त्या कामाच्या उत्सर्जन गुणांकाने गुणायचे. गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. अवघड असते ते खरा आकडा मिळवणे, आणि त्याहून अवघड असते तो कोणाच्या खात्यात लिहायचा हे ठरवणे. महाळुंगे या गावात या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

महाळुंगे हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातले, चाकण–तळेगाव रस्त्यावरचे गाव. बालेवाडीजवळचे महाळुंगे वेगळे. हे महाळुंगे इंगळे म्हणून ओळखले जाते. बजाज ऑटोचा चाकण कारखाना याच गावाच्या शिवारात आहे. शेजारच्या निघोजे, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रे या गावांच्या जमिनींवर महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे उद्योग उभे आहेत. इंद्रायणीच्या दक्षिणेला पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द सुरू होते, उत्तरेला ग्रामपंचायती. औद्योगिक भूखंड, त्यांचे अंतर्गत रस्ते आणि पाणी एमआयडीसीकडे, गावठाण, वाड्यावस्त्या आणि त्यांचा कचरा ग्रामपंचायतीकडे, वीज महावितरणकडे, मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग, भोवतालच्या क्षेत्राचे नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे, आणि पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या अखत्यारीत. वस्ती शहरासारखी दाट आणि कारभार मात्र असा विभागलेला, म्हणून उत्सर्जनाचा हिशेब जमवायचा तर या प्रत्येकाचे दप्तर उघडावे लागते.

एकक आणि गुणांक

वेगवेगळे वायू एकाच बेरजेत यावेत म्हणून सर्वांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य वजनात करतात. आयपीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या पाचव्या मूल्यांकन अहवालानुसार शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, एक किलो नायट्रस ऑक्साइड २६५ किलोइतकी. मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षेच टिकतो. त्यामुळे कालावधी वीस वर्षांचा धरला तर त्याचा गुणांक ८४ वर जातो. कोणता अहवाल आणि किती वर्षे धरली हे न सांगता दिलेली बेरीज दुसऱ्या गावाच्या बेरजेशी ताडून पाहता येत नाही.

इंधनाचा गुणांक सरळ रसायनातून येतो. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम, त्यात कार्बन साधारण ८६ ते ८७ टक्के. जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे एक लिटर डिझेलमागे जवळजवळ २.७ किलो वायू बाहेर पडतो. इंधनापेक्षा धुराचे वजन तिपटीहून अधिक कसे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर त्या ऑक्सिजनमध्ये आहे. पेट्रोलसाठी हा आकडा लिटरमागे सुमारे २.३ किलो आहे.

विजेचा गुणांक मात्र दरवर्षी बदलतो, कारण ग्रीडमध्ये कोळसा, जलविद्युत, सौर आणि पवन यांचे प्रमाण बदलते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो होता. या एका आकड्यावर महाळुंग्यातल्या पथदिव्यांचा, पंपांचा, कारखान्यांचा आणि भाड्याच्या खोल्यांचा हिशेब उभा राहतो. समजा परिसरात २५० वॉटचे एक हजार सोडियम दिवे आहेत आणि ते बदलून १०० वॉटचे एलईडी लावले. रोज बारा तास धरले तर वर्षाला सुमारे ६ लाख ५७ हजार युनिट वाचतात आणि जवळपास ४७५ टन उत्सर्जन टळते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे रस्त्याच्या काँक्रीटशी त्याची तुलना येणार आहे.

वीज, जनरेटर आणि एक न दिसणारा वायू

वीजवापराची नोंद ही सर्वांत भरवशाची नोंद, कारण तिच्यावर बिल आकारले जाते. तरीही तिच्यात दोन गोंधळ असतात. पहिला हद्दीचा: महावितरणचे फीडर गावांच्या सीमा पाहून टाकलेले नसतात, त्यामुळे एका फीडरवर दोन गावांचे ग्राहक आणि औद्योगिक भूखंड एकत्र येतात. ग्राहक क्रमांकावरून पत्ते लावत जाणे हाच त्यावर उपाय, आणि तो कष्टाचा आहे. दुसरा गोंधळ करारांचा. एखादा कारखाना ओपन ॲक्सेसने दूरच्या सौर प्रकल्पाची वीज विकत घेतो. ग्रीडच्या सरासरीने मोजले तर त्याचे उत्सर्जन जैसे थे राहते, कराराप्रमाणे मोजले तर ते शून्याजवळ येते. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यायचे असतात. गावाच्या किंवा शहराच्या हिशेबात ग्रीडची सरासरीच धरावी, कारण कंपनीने घेतलेले श्रेय गावाच्या बेरजेतही लावले तर उरलेल्या ग्राहकांसाठी गुणांक वाढवून धरावा लागतो, आणि ते कोणी करत नाही.

डिझेल जनरेटरचा हिशेब त्यामानाने विस्कळीत आहे. एक लिटर डिझेलमध्ये चांगला जनरेटर सुमारे साडेतीन युनिट देतो, म्हणजे युनिटमागे ०.७७ किलोच्या आसपास. ग्रीडच्या विजेहून हे फारसे जास्त नाही, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. जनरेटरच्या धुराचा स्थानिक हवेला होणारा त्रास हा वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे. तो कार्बनच्या आकड्यात दिसत नाही. मोठे कारखाने डिझेलखरेदीची नोंद ठेवतात. वर्कशॉप, गोदामे, हॉटेले आणि मोबाईल टॉवर यांचे आकडे मात्र पाहणी करूनच मिळतात.

औद्योगिक वसाहतीत अनेक रिंग मेन युनिट आणि उच्चदाबाची स्विचगियर सल्फर हेक्साफ्लोराइड या वायूने भरलेली असतात. ठिणगी विझवण्यात तो उत्तम, आणि हरितगृह वायू म्हणून अत्यंत तीव्र: एक किलो वायू २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एका उपकेंद्रातून वर्षात एक किलो गळाला तर साडेआठ हजार लिटरहून अधिक डिझेल जाळल्याइतका परिणाम होतो. गळती मोजायची रीतही सोपी आहे. वर्षभरात उपकरणात नव्याने किती वायू भरावा लागला याचे वजन म्हणजे गळती. वातानुकूलन यंत्रांतल्या वायूंसाठीही हीच रीत. तरीही स्थानिक हिशेबांत हे रकाने बहुधा रिकामे असतात, कारण सिलिंडरच्या खरेदीची नोंद देखभाल ठेकेदाराकडे राहते आणि कोणी ती मागत नाही.

भट्ट्या आणि रंगशाळांमध्ये पूर्वीच्या फर्नेस ऑइलची जागा अनेक ठिकाणी पाइपलाइनच्या नैसर्गिक वायूने घेतली आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण भागात तो महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड पुरवते. जळताना तो डिझेलपेक्षा स्वच्छ, पण न जळता गळाला तर तो मिथेनच असतो. म्हणून पुरवलेला वायू आणि बिल झालेला वायू यांतल्या तफावतीकडे उत्सर्जनाच्या नजरेनेही पाहावे लागते.

रस्ता: त्यावरून जाणारे आणि त्यात गाडलेले

वाहतुकीचे उत्सर्जन मोजण्याच्या चार मान्य पद्धती आहेत: हद्दीतल्या पंपांवर विकलेले इंधन, हद्दीत प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर, गावामुळे निर्माण झालेल्या फेऱ्या, आणि रहिवाशांचा प्रवास. महाळुंग्यात या चारही पद्धतींची उत्तरे एकमेकांपासून फार दूर जातील. सुट्या भागांचा ट्रक तळेगावकडून येतो, डिझेल द्रुतगती मार्गाजवळ कुठेतरी भरतो, कारखान्यात माल उतरवतो आणि शिक्रापूरमार्गे नगरकडे निघून जातो. पंपावरच्या विक्रीवरून मोजले तर हा ट्रक हिशेबात येतच नाही. रहिवाशांवरून मोजले तरी नाही, कारण चालक परराज्यातला असतो. कामगारांना आणणाऱ्या कंपनी बस पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून सुटतात. त्यांचे डिझेल महापालिकेच्या हद्दीत विकले जाते आणि बरेचसे रस्त्यावरच्या कोंडीत जळते.

अशा ठिकाणी प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरांची पद्धत सर्वांत योग्य. त्यासाठी एचपी चौक, तळेगाव चौक, आंबेठाण चौक अशा नाक्यांवर वाहनांची प्रकारवार मोजणी करावी लागते, ट्रक, टेम्पो, बस, मोटारी, दुचाकी वेगवेगळ्या. मोजणी पाळी सुटण्याच्या वेळेला आणि मधल्या वेळेलाही व्हायला हवी. या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे एखादा गुरुवारही मोजणीत असलाच पाहिजे. सोमवार-मंगळवारच्या मोजणीला ३६५ ने गुणले तर उत्तर फुगते. उलट, किलोमीटरमागे इंधनाचा पुस्तकी आकडा धरला तर उत्तर आक्रसते, कारण तो मोकळ्या रस्त्याचा असतो. कोंडीत उभ्या ट्रकचे इंजिन चालू असते आणि किलोमीटर वाढत नाहीत. चाकणच्या चौकांत हे रोज घडते, त्यामुळे इथे सरासरी वेग मोजल्याशिवाय काढलेला वाहतुकीचा आकडा विश्वासार्ह मानू नये.

रस्त्याचे दुसरे उत्सर्जन त्याच्या बांधणीत असते. सिमेंट तयार होताना चुनखडी तापवतात. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भट्टीचे इंधन काहीही असो, हा भाग टळत नाही. भारतात एक टन सिमेंटमागे साधारण ०.६ टन उत्सर्जन होते. फ्लायॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटमध्ये ते कमी असते. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट रस्त्याला २,१०० घनमीटर काँक्रीट लागते. घनमीटरला ४०० किलो सिमेंट धरले तर ८४० टन सिमेंट, आणि केवळ सिमेंटपोटी सुमारे ५०० टन उत्सर्जन. म्हणजे हजार दिवे बदलून वर्षभरात जे वाचले, ते एका किलोमीटरच्या काँक्रीटीकरणात एका हंगामात खर्ची पडते. यावरून काँक्रीटचा रस्ता वाईट ठरत नाही. तो अनेक वर्षे टिकला, वाहने अडखळली नाहीत, तर ते उत्सर्जन वर्षांवर विभागले जाते. पण जलवाहिनी किंवा केबलसाठी तोच रस्ता पुन्हा फोडला तर तेवढा भाग दुसऱ्यांदा हिशेबात येतो. पुलांना आणि उन्नत मार्गांना याखेरीज पोलाद लागते; भारतीय पोलादाची सरासरी टनामागे सुमारे अडीच टन उत्सर्जनाची आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या वर्गवारीत टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जनाच्या पोलादाला हरित म्हटले आहे. सार्वजनिक निविदांमध्ये ही अट लिहायला आता आधार मिळाला आहे.

पाणी, मैला, कचरा

पाणी उचलण्याला लागणारी ऊर्जा भौतिकशास्त्राने ठरवून दिली आहे. एक घनमीटर पाणी एक मीटर वर नेण्यास किमान ०.००२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरली तर सुमारे ०.००३९. महाळुंग्याशेजारच्या निघोजे येथे इंद्रायणीवरच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड महापालिका आंद्रा धरणाचे पाणी उपसते आणि ते चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रात नेते. रोज १०० दशलक्ष लिटर उपसा धरला तर प्रत्येक मीटर चढावासाठी दिवसाला सुमारे ३९० युनिट, वर्षाला १ लाख ४२ हजार युनिट आणि त्यापोटी शंभर टनांहून थोडे अधिक उत्सर्जन होते. पाइपमधले घर्षणही चढावातच मोजायचे असते, आणि शहरात गळून जाणाऱ्या पाण्याची वीजही आधीच खर्च झालेली असते. पंप निघोज्याच्या हद्दीत, नळ चिखली-मोशीच्या घरांत. हे शंभर टन कोणाचे? प्रचलित नियमाप्रमाणे ते महापालिकेच्या हिशेबात यायला हवेत, कारण सेवा तिची आहे. पण पंपाचा पत्ता पाहून आकडे गोळा केले तर ते गावाच्या माथी येतात.

मैलापाण्याचा हिशेब तर बहुतेक ठिकाणी केलाच जात नाही. आयपीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मैल्यातल्या कुजणाऱ्या पदार्थाचे माप म्हणून भारतासाठी माणशी दररोज ३४ ग्रॅम जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी धरली आहे, म्हणजे वर्षाला सुमारे १२.४ किलो. एका किलोपासून जास्तीत जास्त ०.६ किलो मिथेन होऊ शकतो आणि सेप्टिक टँकमध्ये त्याचा निम्मा होतो असे धरतात. उत्तर येते माणशी वर्षाला ३.७ किलो मिथेन, म्हणजे सुमारे १०४ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य. कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो तरुणांसाठी गावांत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. भुयारी गटार नसेल तिथे त्या सेप्टिक टँकवर चालतात, आणि अशा हजार माणसांमागे वर्षाला शंभर टनांची भर पडते. ही माणसे जनगणनेच्या नोंदीत बहुधा आपल्या मूळ गावी असतात. म्हणून इथे लोकसंख्येच्या अधिकृत आकड्यावर विसंबता येत नाही. घरगुती वीजजोडण्या, गॅसजोडण्या आणि खोल्यांची मोजणी यांवरून खरी वस्ती काढावी लागते. टाकी उपसणारे टँकर मैला कुठे रिकामा करतात, हाही उत्सर्जनाच्या हिशेबातला प्रश्न आहे.

घनकचऱ्यात नदीच्या दोन्ही काठांची स्थिती वेगळी आहे. महापालिकेचा कचरा मोशी येथे जातो; तिथला १४ मेगावॉटचा कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. या प्रकल्पाचा हिशेब करताना कचऱ्यातल्या प्लॅस्टिकचा कार्बन उत्सर्जनात धरायचा आणि अन्न, कागद, लाकूड यांचा कार्बन वेगळ्या रकान्यात दाखवायचा, कारण तो काही काळापूर्वी हवेतूनच वनस्पतीत आलेला असतो. मोशीत आत येणाऱ्या गाड्या वजनकाट्यावरून जातात. बहुतेक ग्रामपंचायतींकडे वजनकाटाच नसतो. तिथे ट्रॉल्या मोजून, काहींचे वजन करून आणि ओल्या-सुक्याची वर्गवारी करून अंदाज बांधावा लागतो. उघड्यावर साचलेल्या कचऱ्याचा मिथेन एका वर्षात निघून जात नाही. दरवर्षी उरलेल्याचा ठरावीक भाग कुजतो. त्यामुळे मागच्या अनेक वर्षांच्या टाकणीचा इतिहास माहीत नसेल तर चालू वर्षाचा आकडाही नीट निघत नाही.

हद्दीचा प्रश्न

हद्दीचा वाद मिटवण्यासाठी डब्ल्यूआरआय, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी २०१४ साली शहरांसाठी जागतिक नियमावली तयार केली. हद्दीत जळलेले इंधन आणि हद्दीतली गळती पहिल्या स्कोपमध्ये, ग्रीडमधून घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि हद्दीतल्या कामांमुळे बाहेर झालेले उत्सर्जन तिसऱ्यात. मुंबईने याच चौकटीत २०१९ हे आधारवर्ष धरून सुमारे २ कोटी ३४ लाख टनांचा हिशेब मांडला आणि मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात जवळपास ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा निघाला. मुंबईची हद्द ठरलेली होती आणि महापालिका एक होती, म्हणून ते जमले.

कंपन्यांचा हिशेब वेगळ्या चौकटीत चालतो. सेबीच्या नियमानुसार सर्वांत मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक आहे. पण त्यातले आकडे कंपनीचे असतात, अनेक राज्यांतल्या कारखान्यांची बेरीज करून आलेले. त्यातून महाळुंग्याचा वाटा सुटा काढता येत नाही. दुचाकी आणि मोटारींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कंपनीच्या तिसऱ्या स्कोपमध्ये विकलेल्या वाहनांनी आयुष्यभर जाळलेले इंधनही येते आणि इंजिनाच्या वाहनांसाठी तो वाटा कारखान्याच्या उत्सर्जनापेक्षा कितीतरी मोठा असतो. गावाच्या हिशेबात त्याला जागा नाही, आणि नसावी. लहान पुरवठादारांवर तर असा अहवाल देण्याचे बंधनही नाही. मात्र युरोपीय संघाच्या सीमा-कार्बन नियमामुळे ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलादाच्या वस्तूंची, त्यात नट-बोल्टही आले, उत्सर्जन माहिती मागितली जाऊ लागली आणि जानेवारी २०२६ पासून तिला पैशाचे मोल आले. भोसरी-चाकणच्या ज्या वर्कशॉपचा माल थेट किंवा दुसऱ्यामार्फत युरोपात जातो, त्याला वीजबिल आणि वायूचे बिल उत्पादनाच्या वजनाशी जोडून दाखवावेच लागते.

पडताळणी

हिशेबाची पडताळणी हवेतूनच होते. १९९३ ते २००२ या काळात गोव्यातल्या काब द रामा येथे हवेचे नमुने घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजला गेला. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर २००९ पासून असे नमुने घेतले. या मोजणीतून प्रदेशाची पार्श्वभूमी कळते, एका वसाहतीचा वाटा कळत नाही. मिथेनसाठी उपग्रह अधिक उपयोगी ठरले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांचे मिथेन उत्सर्जन उपग्रहांवरून तपासले, तेव्हा ते कागदी हिशेबाच्या १.४ ते २.६ पट भरले. कचऱ्याचे आकडे किती कच्चे असतात याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. म्हणून चांगल्या हिशेबात प्रत्येक आकड्यापुढे त्याचा दर्जा लिहितात: बिलावरून घेतलेला, नमुन्यावरून काढलेला की निव्वळ अंदाज. महाळुंग्यात विजेचा आकडा पहिल्या दर्जाचा, वाहतुकीचा दुसऱ्या, आणि मैला-कचऱ्याचा तिसऱ्या दर्जाचा राहील.

असा हिशेब एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला नाही आणि महापालिकेच्या हद्दीतलाही नाही. चाकण औद्योगिक क्षेत्र आणि त्याला लागलेली सर्व गावे ही एकच हद्द धरून, भूखंडांचे नकाशे आणि पाण्याची बिले ज्यांच्याकडे आहेत त्या एमआयडीसीने तो करायला हवा. महावितरण, वायू पुरवठादार आणि महामार्ग विभाग यांनी आपापले आकडे त्या हद्दीप्रमाणे लावून द्यावेत, आणि बेरीज दरवर्षी मराठीत प्रसिद्ध व्हावी. पहिल्या वर्षी ती अपुरी असेल. तरीही चाकणच्या कोंडीवर उन्नत मार्गांचे आराखडे होत असताना, त्यांच्या काँक्रीटचा आणि पोलादाचा आकडा काम सुरू होण्याआधी मांडला गेला पाहिजे.